साथ आली की गाड्यांचे मेळावे सरसकट बंद? मला पटत नाही

जुना_कार्बोरेटर (पुणे)

पुढची साथ येईल तेव्हा २०२० सारखी एकाच शिक्क्याने सगळ्यांना मनाई करू नका, एवढंच मला मांडायचं आहे. विषय जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांचा. काहींना तो फुटकळ वाटेल, मला वाटत नाही.

मोटार शो म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबल्या जातात. एक जिनिव्हासारखं बंदिस्त दालनातलं प्रदर्शन. तिथे २०१९ मध्ये सहा लाख लोक येऊन गेले होते. २८ फेब्रुवारी २०२० रोजी स्विस सरकारने हजाराहून जास्त माणसं जमवायला बंदी घातली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात उघडणारा शो त्याच दिवशी रद्द झाला. ते योग्यच झालं. जगभरातून विमानाने आलेली माणसं, बंद हवा, एका स्टीअरिंगवर दिवसभरात हजारो हात. यावर माझा वाद नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रविवारी सकाळी उघड्या मैदानावर जमणाऱ्या येझदी, लँब्रेटा, फियाट, विलीज जीप. प्रत्येकजण आपल्या गाडीने येतो, बॉनेट उघडतो, चार गोष्टी विचारतो, चार सांगतो आणि ऊन चढायच्या आत निघतो. या दोन्हींना एकच नियम लावला गेला.

जुलैचा दुसरा रविवार जावा मोटरसायकलवाले दरवर्षी साजरा करतात. २०२० मध्ये तो १२ तारखेला आला आणि १३ च्या मध्यरात्रीपासून पुण्यात पुन्हा टाळेबंदी लागली. त्या रविवारी मेळावा व्हायला हवा होता असं मी म्हणणार नाही. पण सप्टेंबरमध्ये जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास गेला, ऑक्टोबरमध्ये हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. मेळाव्याचं नाव काढलं की मात्र उत्तर एकच, गर्दी होईल, नको. एसीखाली मास्क उतरवून जेवायची मुभा होती आणि मोकळ्या हवेत मास्क लावून इंजिन दाखवायची नव्हती. यामागचा तर्क मला आजही कोणी समजावलेला नाही.

इटलीतल्या ब्रेशियाचं उदाहरण घ्या. २०२० च्या वसंतात लोंबार्डीने जे भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ब्रेशिया त्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी. तिथूनच जुन्या मोटारींची मिल्ले मिल्या सुटते. मे महिन्यातली ती फेरी त्यांनी पुढे ढकलली आणि २२ ते २५ ऑक्टोबरला घेतली. इंग्लंडमध्ये गुडवुड या मोटार शर्यतींच्या ठिकाणी त्याच महिन्यात प्रेक्षकांविना 'स्पीडवीक' हा शर्यतींचा मेळावा केला आणि लोकांना तो घरी बसून पाहता आला. म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलीही उत्तरं असतात. आपल्याकडे ती शोधलीच गेली नाहीत.

जम्बोतली_सिस्टर

धाग्याशी तीव्र असहमत.

मी २०२० च्या पावसाळ्यात आणि नंतर २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड वॉर्डात ड्यूटी केली आहे. दादा, मैदान मोकळं होतं असं तुम्ही म्हणता. कोणतं मैदान? पुण्यात सीओईपीच्या मैदानावर ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय उभं होतं. चिंचवडचं ऑटो क्लस्टर, जिथे एरवी वाहन उद्योगाची प्रदर्शनं भरतात, तिथे ऑक्सिजनवरचे पेशंट होते. मुंबईत गोरेगावच्या नेस्कोच्या दालनांत खाटांच्या रांगा लागल्या होत्या. ज्या जागी तुम्ही गाड्या पाहायला जायचात, त्याच जागी आम्ही पीपीई किटमध्ये आठ-आठ तास पाणी न पिता उभ्या होतो.

दुसरं म्हणजे मेळावा फक्त गाडीवाल्यांचा कधीच नसतो. पोलीस लागतो, वाहतूक अडवायला माणूस लागतो, कोणी पडलं तर अॅम्ब्युलन्स लागते. त्या दिवसांत यातलं काहीही शिल्लक नव्हतं.

आणि उघड्यावर काही होत नाही असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या स्टर्जिसचं बघा. ऑगस्ट २०२० मध्ये दक्षिण डकोटात दहा दिवसांचा मोटरसायकल मेळावा झाला, साडेचार लाखांवर गाड्या आल्या. एकट्या शेजारच्या मिनेसोटा राज्याने माग काढला तर त्यांच्याकडे ८६ रुग्ण या मेळाव्याशी जोडलेले सापडले, त्यातला एक दगावला. त्या ८६ मधले कित्येक तर मेळाव्याला गेलेलेही नव्हते, गेलेल्यांच्या घरचे आणि ओळखीचे होते. छंद तुमचा आणि धाप दुसऱ्याला, हे मला मान्य नाही.

जुना_कार्बोरेटर

सिस्टर, तुमच्या ड्यूटीपुढे माझा छंद लहान आहे, त्यात वाद नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, तेव्हा श्वास पुरत नव्हता लोकांना. माझा प्रश्न दोन लाटांच्या मधल्या महिन्यांचा आहे.

स्टर्जिस माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं असं मला वाटत नाही. तिथे लोक दहा दिवस राहिले. बार उघडे, रात्री गाण्यांचे कार्यक्रम, तंबूंच्या वसाहती, मास्कची सक्ती नाही. हेल्मेट घालून एकटा मोटरसायकल चालवणारा माणूस कोणाला आजार देत नाही, तोच माणूस रात्री बारच्या गर्दीत देतो. म्हणून नियम हवा तो मुक्कामाला, खाण्यापिण्याला, स्टेजला. गाडीला नको.

मिशिगनकर

इथे डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, म्हणून लिहितोय. २०२० चा डेट्रॉइट ऑटो शो जूनमध्ये ठरला होता. मार्च संपायच्या आत रद्द झाला, कारण शोचं दालन असलेल्या टीसीएफ सेंटरमध्ये जवळपास हजार खाटांचं तात्पुरतं इस्पितळ उभारायचं ठरलं. म्हणजे सिस्टर म्हणतात ते इथेही अगदी तसंच घडलं.

पण मला लिहायचंय ते वुडवर्ड ड्रीम क्रूझबद्दल. फर्नडेल गावात मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभे करायला १९९५ मध्ये ही सुरू झाली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या सावकाश फिरतात, बाकी काही नाही. धागाकर्त्यांच्या व्याख्येप्रमाणे याहून सुरक्षित काय असणार? सगळे आपापल्या गाडीत. तरी २०२० मध्ये ती अधिकृतपणे रद्द केली, आणि माझ्या मते बरोबर केली. कारण प्रश्न गाडीतल्यांचा नव्हताच. फुटपाथवर मैलोगणती घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या लाखो लोकांचा होता. त्या वर्षीही बऱ्याच जणांनी गाड्या काढल्याच, पण तंबू, स्टेज, खाण्याचे ठेले नव्हते.

आपल्याकडे तर एक विंटेज मोटार सिग्नलला थांबली तरी पन्नास माणसं भोवती गोळा होतात आणि निम्मे सेल्फी मागतात. जुनी गाडी ही मुळात गर्दी जमवणारी वस्तू आहे. तुम्ही येणाऱ्या गाड्या मोजाल, बघ्यांना कसं मोजणार?

शाहूपुरी_गॅरेज

कोल्हापुरातून. मी दोघांच्या मध्ये नाही, तिसरीकडेच आहे.

मेळावा झाला नाही याचं दुःख मालकांना. आम्हा मिस्त्री लोकांचं दुखणं वेगळं होतं. मेळावा जवळ आला की महिनाभर आधी कामं येतात. कार्बोरेटर सर्व्हिसिंग, ब्रेक लायनर, वायरिंग, क्रोम, रंग, सीटकव्हर. मालक एरवी 'बघू नंतर' म्हणतो, पण फेरीत गाडी बंद पडायला नको म्हणून तेव्हा पैसे सोडतो. दोन हंगाम ही कामं आलीच नाहीत. माझ्याकडचा पत्र्याचा कारागीर, ज्याच्या हाताने मडगार्डचा बाक जसाच्या तसा उठायचा, तो गावाकडे गेला आणि आता ट्रॅक्टर ट्रॉल्या वेल्ड करतो. परत येणार नाही म्हणाला. त्याच्या जागी मला अजून कोणी मिळालेला नाही.

आणि उभ्या गाड्यांचे हाल विचारू नका. सहा महिने न हललेल्या गाडीची बॅटरी गेलेली असते. टायर एकाच जागी दबून चपटे पडतात, मग साठच्या वेगाला गाडी थरथरते. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये हिरवट खर जमते. व्हील सिलिंडर गंजून पिस्टन अडकतो. उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच. लॉकडाउन उठल्यावर अशी गाडी ढकलत आणून 'काल तर चालू होती' म्हणणारे मालक भरपूर पाहिले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मेळाव्याच्या परवानगीच्या आधी गॅरेज, लेथ आणि स्पेअर पार्टची दुकानं उघडा. तेव्हा गॅरेजला मुभा होती ती अत्यावश्यक गाड्यांपुरती. पुण्याचा जुना बाजार बंद, मुंबईहून पार्सल बंद. ते चालू असतं तर मेळावा दोन वर्षं नसता झाला तरी माझा कारागीर टिकला असता.

आकडे_बोलतात

एक गोष्ट कोणीच बोलत नाही. साथीने मोटार शो मारले असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धसत्य आहे. जिनिव्हाला २०१९ मध्येच फोर्ड, ह्युंदाई, व्होल्व्हो, जग्वार लँड रोव्हर आले नव्हते. फ्रँकफर्टची गर्दी २०१७ मध्ये आठ लाखांच्या पुढे होती, २०१९ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास आली आणि पुढचा शो म्युनिकला गेला. आपल्या ग्रेटर नोएडातल्या ऑटो एक्स्पोलाही फेब्रुवारी २०२० मध्ये होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू नव्हत्या, आणि तेव्हा देशात टाळेबंदीचं नावही नव्हतं. घरबसल्या नव्या गाडीचं अनावरण दाखवता येतं हे कंपन्यांनी आधीच ओळखलं होतं, साथीने फक्त घाई केली. जिनिव्हा २०२४ मध्ये परत भरलं, मोजक्याच कंपन्या आल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथला शो कायमचा बंद केल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. १९०५ पासूनची परंपरा संपली.

मग छंदाच्या मेळाव्यांनीही हाच धडा घ्यायला काय हरकत आहे? व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवा, अडचण विचारा, पार्टचे फोटो टाका. लॉकडाउनमध्ये कितीतरी गट तसे चाललेच की.

जुना_कार्बोरेटर

@आकडे_बोलतात, कंपनीच्या शोबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे गाडी विकायची असते आणि ते पडद्यावरून होतं. आमच्याकडे गाडी वाचवायची असते. टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेलंय हे कान लावून कळतं, फोनचा माइक ते दाखवत नाही. मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालंय हे सायलेन्सरच्या वासावरून कळतं. सत्तरीतले मालक आहेत, त्यांच्या डोक्यातली माहिती कुठेही लिहिलेली नाही. ते फोनवर बोलत नाहीत, पण उघड्या बॉनेटपाशी उभं केलं की तासभर बोलायचे थांबत नाहीत. साथीने अशी कितीतरी माणसं नेली. म्हणून तर मला घाई वाटते.

शिवाय कायद्याची बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे वेगळे नोंदणी नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर 'व्हीए' अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आता विचार करा, पुढच्या साथीत प्रदर्शन आणि रॅली दोन्ही बंद ठेवली तर या गाड्यांना रस्त्यावर यायला कारणच किती उरतं?

शाहूपुरीच्या दादांशी मात्र शंभर टक्के सहमत. गॅरेज आधी. ते माझ्या मागणीत पहिलं घाला.

जम्बोतली_सिस्टर

कायद्याचा हा भाग मला नवीन होता. तरी गाडी इंधन आणि देखभालीसाठी काढता येते असं तुम्हीच लिहिलंय. मग महिन्यातून एकदा पेट्रोल पंपापर्यंत न्या आणि आणा, बॅटरी टिकेल. त्याला मेळावा कशाला?

तुम्ही खरंच जबाबदारीने करणार असाल तर माझ्या अटी लिहून ठेवा. जिल्ह्यातल्या ऑक्सिजनच्या खाटा निम्म्याहून जास्त रिकाम्या असतील तरच. जागा आणि वेळ आधी जाहीर करायची नाही, म्हणजे बघे येणार नाहीत. खाणंपिणं नाही, सत्कार नाहीत, भाषणं नाहीत. आलेल्या प्रत्येकाचा नंबर नोंदवायचा, पुढच्या दोन आठवड्यांत कोणी आजारी पडलं तर सगळ्यांना कळवायचं. लस आली असेल तर घेतलेलेच येतील. आणि जिल्ह्याबाहेरची एकही गाडी नाही.

जुना_कार्बोरेटर

गुडवुडने जुलै २०२१ मध्ये यातलं बरंच केलं होतं. सरकारच्या चाचणी कार्यक्रमात भाग घेऊन, लस किंवा निगेटिव्ह रिपोर्ट पाहूनच लोकांना आत सोडलं. त्यामुळे तुमच्या बाकी सगळ्या अटी मला मान्य आहेत, मिशिगनकरांच्या बघ्यांच्या प्रश्नाचंही उत्तर त्यात येतं.

शेवटची अट नाही पटत. पुण्याचं चालून जाईल, इथे गाड्या भरपूर आहेत. पण धाराशिव किंवा गडचिरोलीत एखाद्याकडे साठ सालची लँब्रेटा असेल तर त्याच्या जिल्ह्यात तो कोणाला भेटणार? ज्याला मदतीची सर्वात जास्त गरज आहे त्यालाच ही अट बाहेर ठेवते.

जम्बोतली_सिस्टर

आणि त्याच जिल्ह्यांत व्हेंटिलेटर सर्वात कमी असतात. तुमचा लँब्रेटावाला पुण्याहून काय घेऊन परत जाईल, हे मी पाहिलेलं आहे. ही अट मी सोडणार नाही.