मे महिन्यात वाचनालयात मुलांना दुपारचं जेवण द्यावं का?

खाडीपलीकडचा: अमेरिकेत उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट जेवण मिळतं. पैसे केंद्र सरकारचे. आपला पोषण आहार पहिली ते आठवीला, तोही शाळा भरते तेव्हाच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सुट्टीचे दिवस वगळलेत. आमच्याकडे कोकणात आंबा काढणीला बाहेरची माणसं येतात, राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांची पोरं सकाळी चहा-चपाती खातात आणि आई बागेतून येईस्तोवर पडीचे आंबे नि करवंदांवर दिवस काढतात. रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे, म्हणजे परंपरा आपलीच. आमच्या गावचं मात्र दुपारी कुलूपबंद. तिथे खिचडी का वाढू नये?

कपाटाची किल्ली: मी 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत खालचं, वाचनालय सांभाळते. अनुदान हप्त्याने येतं, त्यात वीजबिल, वर्तमानपत्रं आणि माझं मानधन. एकच खोली, नळ नाही. दमट हवेत पुस्तकं वाळवीपासून राखताना नाकी नऊ येतात. शितं सांडली की मुंग्या, झुरळं, मागोमाग उंदीर. चूल, भांडी, तांदूळ सगळं शाळेत आहे. शाळाच उघडा की!

खाडीपलीकडचा: शाळेत पटावर नाव लागतं, या पोरांचं कुठल्याच पटावर नाही. शिजवू दे शाळेतच, बचत गटाकडून. वाचनालयाच्या पडवीत फक्त वाढायचं. जेवल्यावर पोरगं पुस्तक चाळत बसलं तर चांगलंच.

चाकरमानी: कोकणात कोणी उपाशी राहत नाही हो. दारात आलेल्या पोराला आम्ही पानावर बसवतो. फुकटाची सवय नको.

वाडीतली बाई: दादा, शेजारच्या पोराला बसवता. बागेतल्या मजुराच्या पोराला कधी बसवलंत? ते दारात येतच नाही, लाजतं. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलं, पण दुष्काळी भागापुरतं. आपल्याकडे पाऊस धो धो, म्हणून आपण त्यात बसत नाही. आणि मे उजाडला की वाडीवर पाण्याचा टँकर!

कपाटाची किल्ली: पडवी देईन. पण तांदळाचा हिशेब माझ्या सहीने नको, आणि भांडी कोण घासणार ते १ मेच्या ग्रामसभेत आधी ठरवा. दरवेळी हे असलं काम ग्रंथपालाच्याच गळ्यात पडतं.