'इरावती' नावाचा नेमका अर्थ काय? आणि नदीचं नाव मुलीला ठेवावं का?

मोगरा_पुणे

भाचीचं बारसं पंधरा दिवसांवर आलंय. कृत्तिका नक्षत्र, दुसरं चरण, म्हणून 'ई' अक्षर निघालं आणि सगळ्यांच्या मनात 'इरावती' भरलं. पण नावांच्या याद्या उघडल्या आणि गोंधळ झाला. कुठे 'वीज' लिहिलंय, कुठे 'सरस्वती', कुठे 'रावी नदी', एका ठिकाणी तर चक्क 'मद्य'. खरा अर्थ कोणता? दुसरं म्हणजे, घरातले आजोबा म्हणतात की नदीचं नाव मुलीला ठेवू नये, शास्त्रात मनाई आहे. तशी आहे का? आणि इंग्रजीत 'व्ही' घ्यावा की 'डब्ल्यू'? हे नाव हल्ली कितपत ठेवतात, तेही कळलं तर बरं.

कोशवाचक

आधी शब्द फोडून बघा. इरा + वती. 'वती' म्हणजे 'असलेली', जसं गुणवती, रूपवती. मूळ प्रत्यय 'मत्', पण 'इरा'च्या शेवटी आ असल्यामुळे म चा व होतो. म्हणून 'इरामती' नाही, 'इरावती'. पुल्लिंगी रूप इरावान. महाभारतात अर्जुन आणि उलूपीच्या मुलाचं नाव तेच आहे.

आता 'इरा'. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, हा शब्द अन्नवाचक शब्दांच्या यादीत आहे. पोषण करणारं अन्न, पेय, रस असा त्याचा जुना अर्थ. म्हणून इरावती म्हणजे अन्नरसानं भरलेली, पोसणारी. ऋग्वेदात सातव्या मंडलाच्या ९९व्या सूक्तात 'इरावती धेनुमती हि भूतम्' असं येतं. तिथे हा शब्द द्यावापृथिवीला, म्हणजे आकाश आणि पृथ्वी या जोडीला उद्देशून आहे: तुम्ही अन्नानं समृद्ध, गाईंनी संपन्न व्हा. मुलीच्या नावाला यापेक्षा चांगला अर्थ शोधून सापडायचा नाही.

बाकीचे अर्थ कुठून आले तेही सांगतो, म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर तयार राहील. अमरकोशात 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्' असं आहे. भू, वाक्, सुरा आणि अप्, म्हणजे पृथ्वी, वाणी, मद्य, पाणी, असे चार अर्थ. 'वाणी'वरून याद्यांनी सरस्वती केली आणि 'सुरा'वरून मद्य. चारही अर्थ कोशातले आहेत, पण 'पिण्याजोगा रस' या मूळ अर्थाला धरून पाहिलं तर पाणी आणि सुरा एकत्र का आले ते लगेच उमगतं.

'वीज' मात्र सरळ चूक आहे. अमरकोशात विजेच्या नावांत 'ऐरावती' आहे, शंपा, शतह्रदा, क्षणप्रभा यांच्या ओळीत. तो ऐ-कारानं सुरू होणारा वेगळा शब्द. याद्या बनवणाऱ्यांनी दोन्ही एकत्र केले.

नदीकाठ

कोशवाचकांच्या उत्तराला जोड देते. 'ऋग्वेदातली इरावती नदी' असं जे लिहिलेलं दिसतं ते बरोबर नाही. ऋग्वेदात रावीचं नाव परुष्णी आहे; सुदास राजाचं दाशराज्ञ, म्हणजे दहा राजांशी झालेलं, युद्ध तिच्याच काठावर झालं. 'इरावती' हे त्या नदीचं नंतरचं नाव. यास्कानं 'निरुक्त' या वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात लिहून ठेवलंय की इरावतीलाच परुष्णी म्हणतात. पुढे सुरुवातीचा इ गळला आणि रावी राहिलं. अलेक्झांडरच्या स्वारीची हकीकत लिहिणाऱ्या ग्रीकांनी तिला 'हायड्राओटिस' म्हटलं, त्यातही मूळ नाव ओळखू येतं. हिमाचलात उगम, चंब्याजवळून वाहते, लाहोर तिच्या काठी, आणि शेवटी चिनाबला मिळते.

दुसरी इरावती ब्रह्मदेशातली, तिथली सर्वांत मोठी नदी, मंडालेवरून वाहणारी. आणि मराठी माणसाला हे नाव ओळखीचं झालं ते या दुसऱ्या नदीमुळे! इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात मिंजान इथे झाला. ते गाव इरावतीच्या काठावर आहे आणि नदीवरूनच त्यांचं नाव ठेवलं गेलं. मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजमध्ये प्राध्यापक, आणि 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार. महाराष्ट्रात 'इरावती' म्हटलं की अभ्यासू, स्वतंत्र बुद्धीची बाई डोळ्यांपुढे येते, ती त्यांच्यामुळे.

पुराणकथांतही नाव आहे. रामायणाच्या अरण्यकांडात भद्रमदेची मुलगी इरावती आणि तिचा मुलगा ऐरावत हत्ती. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त इरावती ही अग्निमित्राची धाकटी राणी. तिसऱ्या अंकात ती मद्याच्या धुंदीत बागेत येते, राजाला मालविकेजवळ बघते आणि कमरेची मेखला काढून त्याच्यावर उगारते. मत्सरी आहे खरी, पण नाटकातलं ठसठशीत पात्र आहे. हे आधीच माहीत असलेलं बरं, पुढे कुणीतरी सांगतंच.

मोगरा_पुणे

दोघांचे मनापासून आभार. आजोबांच्या शंकेचं काय?

याज्ञिक_वाई

आजोबा म्हणतात ते वचन खरं आहे, पण त्याचा संदर्भ नामकरणाचा नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावं असलेली मुलगी वधू म्हणून निवडू नये असं आहे. हा नियम पाळला तर रोहिणी, रेवती, गोदावरी, यमुना, मैना सगळीच नावं बाद होतात. महाराष्ट्रात तो कधीच पाळला गेलेला नाही. गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा ही नावं आपल्या पणज्यांची आहेत आणि त्यांची लग्नं रीतसर मंत्र म्हणून झाली आहेत.

मुलीचं नाव कसं असावं ते त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात, ३३व्या श्लोकात सांगितलंय: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर. 'इरावती' या सगळ्या कसोट्यांना उतरतं. आजोबांना हा श्लोक दाखवा, त्यांना आवडेल.

कुणी अक्षरं मोजलीच तर एक सांगून ठेवतो. घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात मुलींच्या नावात विषम अक्षरं असावीत असं आहे आणि इरावतीत चार आहेत. पण सरस्वती, अरुंधती, दमयंती यांतही चारच आहेत. त्यामुळे त्यावर अडून बसू नये.

कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए. दुसरं चरण ई, रास वृषभ. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रचरणावरून अक्षर काढायच्या कोष्टकात, ऱ्हस्व-दीर्घ भेद धरत नाहीत, म्हणून इ चालतो. अक्षर जुळवण्यासाठी 'ईरावती' लिहू नका, शब्दच चुकेल.

दाखला_खिडकी

ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. जन्मदाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं आणि या नावात चुका ठरलेल्या जागी होतात: 'ईरावती', 'इरावति', 'ऐरावती'. अर्जात मराठी नाव सुटं, मोठ्या अक्षरात लिहा. दाखला अंतिम होण्याआधी मसुदा दाखवतात तेव्हा पहिला इ ऱ्हस्व आणि शेवटची ती दीर्घ आहे का, ते बोट ठेवून तपासा.

नाव ठरायला वेळ लागत असेल तर घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

स्पेलिंग: आय, आर, ए, व्ही, ए, टी, आय. 'डब्ल्यू'सुद्धा चूक नाही, जुन्या मराठी पद्धतीत तोच जास्त दिसतो. पण व्ही घेतला तर परक्या माणसाचाही उच्चार बरा येतो. सुरुवातीला 'ई' किंवा 'डबल ई' घालू नका. दक्षिणेत त साठी 'टी-एच' लिहितात. शाळा बंगळूर-हैदराबादला असेल तर तिथले लोक आपणहून 'एच' घालतील, ते वेळीच थांबवा. परदेशात पहिल्यांदा 'आयरावटी' ऐकू येईल, एकदा सांगितलं की सुधारतात.

जे ठरेल तेच सगळीकडे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की दुरुस्तीचे हेलपाटे.

नदीकाठ

हल्ली कितपत ठेवतात त्याबद्दल: नाव ओळखीचं आहे, पण दुर्मीळ. एका वर्गात दोन इरावती सापडणं कठीण. कारण उघड आहे. गोदा-कृष्णा दाराशी वाहतात, म्हणून ती नावं घराघरांत गेली. इरावती पुस्तकांतून आली. तिच्या नावाचं व्रत नाही, घाट नाही, आरती नाही. शिवाय हल्ली दोन अक्षरी नावांकडे ओढा आहे, त्यामुळे नुसतं 'इरा' बरंच ऐकू येतं.

घरात इरा किंवा इरू म्हणाच, जिभेवर छान बसतं. पण शाळेच्या दाखल्यात 'इरा' आणि जन्मदाखल्यात 'इरावती' असं होऊ देऊ नका. आणि बारशाला कानात नाव सांगताना पूर्ण चार अक्षरं सांगा.

मोगरा_पुणे

इरावती ठरलं. आजोबांना ३३वा श्लोक वाचून दाखवला. पाळण्यावर लावायची पाटी ते स्वतः लिहिणार आहेत, पहिला इ ऱ्हस्व काढून.