मदत हवी आहे: कॉलेज आणि वस्तीची मिळून देणगी समिती, पण बोलतात फक्त विद्यार्थी

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजात एक प्रयोग चालू आहे. देणगीदाराने दिलेली रक्कम आसपासच्या छोट्या संस्थांना वाटायची, पण कुणाला द्यायची हे ना देणगीदार ठरवणार, ना प्राचार्य. निम्मे विद्यार्थी, निम्मे वस्तीतले रहिवासी अशी समिती आहे आणि प्रत्येकाला एक मत. समन्वयाचं काम माझ्याकडे आहे.

कागदावर सगळे सारखे. प्रत्यक्षात मुलं लॅपटॉप उघडून अर्जदार संस्थांना गुण द्यायचा तक्ता पडद्यावर लावतात आणि मग चर्चा फक्त त्या रकान्यांची: हिशेब, लाभार्थी संख्या, अहवाल. मागच्या बैठकीत अभ्यासिका चालवणाऱ्या एक ताई "तुम्ही ठरवाल ते" यापलीकडे काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "सर, पहिल्या नंबरच्या त्या संस्थेच्या केंद्राला कित्येक महिने कुलूप आहे." ही माहिती भरायला तक्त्यात जागाच नव्हती. (अहवाल मात्र त्याच संस्थेचा सगळ्यात देखणा!)

थोडं वाचलंय. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत 1989 पासून शहराच्या बजेटमध्ये नागरिकांचा सहभाग सुरू झाला, पण तो सरकारी पैसा. अमेरिकेतल्या नॉर्दर्न केंटकी विद्यापीठाच्या मेयरसन प्रकल्पात विद्यार्थी खरे पैसे कुणाला द्यायचे ते ठरवतात, म्हणजे आमच्यातली निम्मी बाजूच. फ्रिडा या तरुण स्त्रीवादी गटांसाठीच्या निधीत अर्जदार गटच एकमेकांच्या प्रस्तावांवर मत देतात. हे मला फार पटलं. पण तिथले गट वेगवेगळ्या देशांतले असतात. इथे अर्जदार एकमेकांचे शेजारी. कुणी कुणाला मत दिलं नाही हे कळलं की झालंच!

निकष आधी रहिवाशांनी ठरवायचे आणि विद्यार्थ्यांनी फक्त कागदपत्रं तपासून प्रत्यक्ष भेटी द्यायच्या, असं कुणी करून पाहिलंय का? गुण देण्याआधी रहिवाशांची वेगळी बैठक घेतली तर ते मोकळेपणाने बोलतील, की त्यातून दोन तट पडतील?

दुसरं, समितीतल्या कुणाची संस्था अर्जदार असेल तर त्या चर्चेपुरतं त्यांना बाहेर बसवतो. पण छोट्या वस्तीत प्रत्येकाचं कुणाशी ना कुणाशी नातं निघतंच. हितसंबंधाची रेघ तुम्ही कुठे ओढता?

आणि मानधन. विद्यार्थ्यांना या कामाचे क्रेडिट मिळतात, रहिवासी कामावर खाडा करून येतात. माझ्या मते त्यांना पैसे द्यायलाच हवेत. कार्यालयाचं म्हणणं, दानाच्या कामाला कसलं मानधन! देणगीच्या रकमेतूनच ते काढलं तर चालतं का, की वेगळी तरतूद लागते?

"एखादी व्यावसायिक सल्लागार संस्था नेमा" हा सल्ला कृपया नको, मग समिती हवीच कशाला. रहिवाशांनी बनवलेल्या निकषांचा नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका. नवे अर्ज मागवण्याआधी तो समितीपुढे ठेवायचा आहे.