लिनक्स मिंट: कचरापेटी रिकामी होत नाही, जागाही सुटत नाही

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. गावच्या जत्रेत आमचे हौशी मंडळ दरवर्षी एक नाटक करते आणि त्याच्या तालमींचे चित्रीकरण माझ्या डेस्कटॉपवर जमा होते. संगणकावर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती आहे. डिस्क भरत आल्यामुळे 'तालीम' हा जुना फोल्डर मी काढून टाकला आणि तो विनातक्रार कचरापेटीत गेला. मात्र आता पेटी रिकामी करू लागल्यास 'परमिशन डिनाइड' असा संदेश येतो आणि सुमारे 40 जीबी जागा अडकून राहिली आहे. फोल्डर माझाच, मीच तयार केलेला, तो पेटीत टाकायला परवानगी मिळते आणि पुसायला मात्र मिळत नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही. दुसरे म्हणजे, त्याच संगणकावरील विंडोजच्या डी ड्राइव्हमधील एकही फाइल लिनक्समधून पुसता येत नाही. तेथे 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असे दिसते.

उत्तर (डिचोली)
टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून 'सुडो आरएम हायफन आरएफ' (सर्वाधिकाराने, न विचारता पुसण्याची आज्ञा) द्या आणि पुढे कचरापेटीचा मार्ग लिहा. एका मिनिटाचे काम आहे.

उत्तर (म्हापसा)
वरील उपाय चालतो, पण नवख्या माणसाला तो असा मोघम सांगू नये. मार्ग आणि त्याच्या शेवटी 'आतील सर्व काही' या अर्थाने लावले जाणारे तारांकन यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर पेटीबरोबरच टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडले आहे तेथील फायलीही जातात, आणि तो फोल्डर बहुधा आपले होमच (वापरकर्त्याचा स्वतःचा मुख्य फोल्डर) असते.

आता मूळ कोड्याकडे येऊ. लिनक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे तिच्या फोल्डरमधील नोंद खोडणे होय. म्हणून फाइल कोणाच्या मालकीची आहे यापेक्षा, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यात लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे पाहिले जाते. 'तालीम' आपल्या मालकीचा असल्याने तो उचलून पेटीत ठेवता आला. त्याच्या आत रूटच्या (लिनक्समधील सर्वाधिकारी खात्याच्या) मालकीचा एखादा उपफोल्डर असेल, तर त्यातील नोंदी मात्र आपल्याला खोडता येणार नाहीत, आणि तो रिकामा झाल्याशिवाय बाहेरचा फोल्डरही जाणार नाही. आपण कधी उजव्या क्लिकच्या यादीतील 'ओपन ॲज रूट' वापरून फायली उतरवल्या होत्या का? त्या वेळी खिडकीच्या माथ्यावर लाल पट्टी दिसते.

प्रश्नकर्ता (फोंडा)
होय, लाल पट्टी चांगलीच आठवते. जुन्या संगणकाची डिस्क जोडली असता तिच्यावरील फायली उघडत नव्हत्या, म्हणून त्या तशा प्रकारे 'तालीम'मध्ये उतरवल्या होत्या. आता 'एलएस हायफन एल' (मालकांसह यादी दाखवणारी आज्ञा) देऊन पाहिले, तर त्या एकाच उपफोल्डरपुढे मालक आणि गट या दोन्ही रकान्यांत 'रूट' लिहिलेले आहे.

उत्तर (म्हापसा)
मग निदान झाले. पेटी आपल्या होममधील 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'ट्रॅश' अशी असते. 'ट्रॅश'मध्ये 'फाइल्स' आणि 'इन्फो' असे दोन फोल्डर आहेत. पहिल्यात माल आणि दुसऱ्यात तो मुळात कोठे होता व कधी टाकला याची टिपणे. 'सुडो सीएचओडब्ल्यूएन' ही मालकी बदलणारी आज्ञा मोठ्या 'आर'च्या पर्यायासह (म्हणजे आतील सर्व फोल्डरांसकट) द्या, पुढे आपले वापरकर्ता-नाव आणि मग केवळ 'ट्रॅश'चा पूर्ण मार्ग लिहा (टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत). मालकी बदलली की पेटी नेहमीच्या पद्धतीने रिकामी करा, म्हणजे माल आणि टिपणे दोन्ही एकदम जातील. पेन ड्राइव्हवर हीच पेटी ड्राइव्हच्याच मुळाशी लपलेल्या फोल्डरमध्ये असते. पुसूनही पेन ड्राइव्ह भरलेला दिसतो तो त्यामुळे.

उत्तर (मडगाव)
डी ड्राइव्हचे दुखणे वेगळे आहे आणि तेथे मालकी बदलून काही साधणार नाही. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. तीमुळे 'शट डाउन' केले तरी विंडोज पूर्ण बंद न होता आपली अवस्था डिस्कवर राखून ठेवते, आणि अशा अर्धवट निजलेल्या ड्राइव्हवर लिनक्स सहसा केवळ वाचण्यापुरताच प्रवेश घेते, जे योग्यच आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती सोय बंद करून संगणक पूर्ण बंद करा आणि मग लिनक्स सुरू करा. तरीही तोच संदेश आला, तर विंडोजमधून त्या ड्राइव्हची तपासणी चालवा. आपल्याकडे पावसात वीज अवेळी जाते आणि अचानक बंद पडलेला ड्राइव्हही असाच कुलूपबंद होतो.

प्रश्नकर्ता (फोंडा)
पेटी रिकामी झाली आणि 40 जीबी परत मिळाले. डी ड्राइव्हही खुला झाला. फास्ट स्टार्टअपच चालू होते. देव बरें करूं.