स्टेटसला पेमेंट झालं दाखवतंय, पासबुकात दमडी नाही

गंगथडीचा
राम राम मंडळी. परभणी जिल्हा, गंगेकाठचं (आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतेत) गाव. २०२५ च्या सप्टेंबरात वावरात चार दिवस पाणी थांबलं, सोयाबीन उभ्या जागी सडलं, शेंग दाबली की नुसतं काळं पाणी. पंचनाम्यात बाबांचं १ हेक्टर २० आर धरलं, सरकारी मदतीचे जिरायत हेक्टरी ८५०० नं १०२०० झाले. शेजाऱ्याचे कवाच आले. सेतूवाल्याकडं व्हीके नंबर (मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) टाकला तर पेमेंट सक्सेस! बँकेत तीन चकरा मारल्या, पासबुक छापून आणलं, काहीच नाही. तलाठी म्हणतेत आमच्याकडनं गेलंय. मग गेले कुठं, मधल्या मधी कुणी खाल्ले का?

केजकर
पीककर्ज थकलंय का? होल्ड लावला असंल. माझं तसंच झालतं, पैसे दिसायचे पण काढता येईनात, लई भांडावं लागलं.

सेंटरवाला पोऱ्या
होल्ड असला तरी पासबुकात एन्ट्री दिसतेच की केजकर दादा, इथं एन्ट्रीच नाही म्हणतोय भाऊ. तुम्ही अर्जात कोणतं बी पासबुक जोडा, डीबीटीचा, म्हंजी सरकार थेट खात्यात टाकतं तो पैसा आधारवर जातो, आन आधारला शेवटी जी बँक जोडली ती धरतेत. बाबांच्या मोबाईलवरून स्टार ९९ स्टार ९९ स्टार १ हॅश लावा, आधार नंबर टाका, बँकेचं नाव येतं. नाही लागलं तर आधारच्या साईटवर ओटीपी घेऊन बँक सीडिंग स्टेटस, म्हंजी आधारला कोणती बँक जोडलीय ते बघा. आन हो, रब्बीचे हेक्टरी १०००० वेगळे, ते यात धरू नका.

बालाघाट
आमचा तर व्हीके नंबरच नाही. सातबारा सामाईक, तीन चुलते, एक पुण्याला. संमतीपत्रावर सही मागितली तर म्हणतोय आधी बांधाचं मिटव. आता काय बोलावं.

सेंटरवाला पोऱ्या
बालाघाट, सही घ्याच, त्याबिगर सामाईकाचं पुढं सरकत नाही. बांधाचं नंतर बघा.

गंगथडीचा
सापडलं भाऊ!! कधी नाव ऐकलं नाही अशी पेमेंट बँक निघाली. बाबांना इचारलं तर म्हणले मी तर खातंच काढलं नाही. मग आईला आठवलं, दोन वर्षांखाली बाजारच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या पोरानं फुकट सिम दिलतं आन दोनदा अंगठा घेतलता, एकदा उठला नाही म्हणून. ते दुसऱ्यांदा खात्यासाठी असंल, कुणास ठाऊक. आज दुकानात अंगठा लावून बघितलं तर १०२०० तर हायेतच, पीएम किसानचे २००० चे हप्ते बी तिथंच पडलेत, आन आम्ही बंद झाले म्हणून वर्षभर कृषी सहायकाला शिव्या घालत होतो. बाबा आता म्हणतेत गॅसची सबसिडी बी बघ.
एक सांगा, पुढचे पैसे जुन्या बँकेत यावेत म्हणून काय करू?

सेंटरवाला पोऱ्या
जुन्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, डीबीटीसाठी असं स्पष्ट लिहा, नुसतं आधार लिंक म्हणलं की ते केवायसी करून पाठवतेत. आठ दिवसांनी परत नंबर लावून बघा. बाबांना संगं न्या, अंगठा लागंल.

केजकर
लोशन लावून न्या, वावरात काम करणाऱ्याचा अंगठा मशीनवर उठत नाही.