फॅन्कोनी अॅनिमिया: धाकटी ठणठणीत असताना तिची टेस्ट कशाला?

मिरजेची_आई:
मुलगा सात वर्षांचा. प्लेटलेट्स खूप उतरल्या, अंगावर काळे-निळे डाग उठायला लागले. निदान फॅन्कोनी अॅनिमिया, म्हणजे मॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) निकामी होत जाण्याचा आनुवंशिक आजार. उजवा अंगठा जन्मापासूनच बारीक, नुसता लोंबता आहे. त्याचा रक्ताशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मला आतेभावालाच दिलंय. आता त्याला दुसऱ्याचा मॅरो द्यायचाय. धाकटीचा एचएलए (कुणाचा मॅरो कुणाला चालेल ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलाय, पण डॉक्टर म्हणतात, तिची ब्रेकेज टेस्ट (तिलाही हाच आजार आहे का ते बघणारी रक्ततपासणी) झाल्याशिवाय तिचा मॅरो घेणार नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, पोरीच्या नावाला आतापासून बट्टा कशाला?

ठाण्याचा_बाबा:
ताई, टेस्ट कराच. माझ्या मुलीला हाच आजार आहे, ट्रान्सप्लांट होऊन बरीच वर्षं झाली. बहुतेक घरांत आई आणि बाबा दोघांकडून जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली तरच हा होतो, म्हणून प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता. अंगठे, उंची, किडन्या सगळं नीट असूनही आजार असतो, रक्त मागाहून उतरतं. तसा मॅरो भावाला दिला तर त्याला पुन्हा तोच आजार. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमान यांनी नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं, ते फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या मुलावरच. नाळ त्याच्या नवजात बहिणीची. तिला आजार नाही हे ती पोटात असतानाच तपासलं होतं.

निवृत्त_लॅबवाला:
ब्रेकेज टेस्टसाठी आम्ही रक्ताच्या पेशी वाढवून त्यात मायटोमायसिन-सी नावाचं औषध घालायचो. ते डीएनएचे दोन धागे एकमेकांना टाचून टाकतं. निरोगी पेशी तो टाका उसवून दुरुस्ती करते, फॅन्कोनीच्या पेशीला ते साधत नाही. मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोमचे (डीएनएच्या गुंडाळ्यांचे) तुकडे दिसतात, काही भलत्याच क्रोमोसोमला चिकटून फुल्या झालेले. कधीकधी रक्तातल्या काही पेशी आपोआप सुधारलेल्या असतात आणि रिपोर्ट फसवा येतो. शंका राहिली तर त्वचेच्या पेशींवर करून घ्या. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवरच्या सरकारी संशोधन संस्थेत चौकशी करा.

मिरजेची_आई:
धाकटी कॅरिअर निघाली, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेली पण आजार नसलेली, तर? आणि मुलाला पुढे कॅन्सरची भीती असते म्हणतात, ते खरं का?

ठाण्याचा_बाबा:
नुसती कॅरिअर असेल तर मॅरो देता येतो. मात्र जनुक कोणतं ते विचारा. वीसहून जास्त आहेत, सर्वांत जास्त आढळतं फॅन्क-ए. बीआरसीए-२ निघालं तर ताई, स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तुमचीही तपासणी लागेल.

मुलाचं खरं आहे. ट्रान्सप्लांटने रक्त नवं होतं, बाकी शरीर तेच राहतं. तोंड, घसा, अन्ननलिकेचा कॅन्सर या मुलांना ऐन तरुणपणी गाठतो. मी दर रविवारी टॉर्च घेऊन मुलीची जीभ बाजूला ओढून कडा बघतो, खाली बघतो, गालाच्या आत बघतो. पांढरा चट्टा किंवा न भरणारा फोड दिसला की लगेच डॉक्टर. शिवाय दर सहा महिन्यांनी तज्ज्ञांकडून तपासणी. एचपीव्हीची (कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एका विषाणूची) लस मुलग्यांनाही द्यायची, कधी ते डॉक्टरांना विचारा. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद, आणि मुलाच्या हाती मिश्री-तंबाखू कधीच लागू देऊ नका.

आत्यांना एवढंच सांगा, ही टेस्ट नातीच्याही जिवासाठी आहे. तिला आजार निघालाच, तर रक्त उतरायच्या आधी कळेल. रिपोर्ट आला की जनुकाचं नाव इथे टाका.