विषय: मुंबईला या आठवड्यात कोण जातंय? (बाळाच्या कपड्यांची पावडर)

प्रेषक: देवबागचा जावई (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,
शनिवारच्या आत कुणी मुंबईला निघत असेल तर ताबडतोब कळवा. नॉन-बायो, म्हणजे एन्झाइम नसलेल्या, पावडरचा एक खोका न्यायचाय, अडीच किलोच्या आसपास. मेव्हणा दादरला येऊन घेईल, पुढे कुडाळपर्यंत रेल्वेने त्याचा तो नेईल. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, बारशाचं नंतर कळवतो. पण बाळाच्या पोटावर-पाठीवर लाल पुरळ उठलंय आणि सासूबाई दुपटी-लंगोट घरातल्या नेहमीच्याच वासाच्या पावडरीत धुतायत. थोरलीच्या वेळी इथे आम्ही नॉन-बायोच वापरली, काही त्रास झाला नव्हता. फोनवर सांगून उपयोग नाही. सासूबाईंना तुम्ही सगळे ओळखता.

---

प्रेषक: खजिनदार

१) ही मेलची यादी पार्सलांसाठी नाही. लोणच्याच्या बरणीच्या प्रकरणानंतर वार्षिक सभेत ठरलंय, इतिवृत्त बघावं.
२) मी गुरुवारी निघतोय.
३) बॅगेत आईच्या व्हीलचेअरची गादी आहे, त्यामुळे जागा फार तर दीड किलोची. खोका फोडून पावडर प्लास्टिकच्या पिशवीत भरून देणार असाल तर आत्ताच नाही म्हणतो. पांढरी पावडर, बिनलेबलची पिशवी आणि विमानतळ. मी तिथे समजावत बसणार नाही.

---

प्रेषक: ग्लासगोचे काका

खजिनदारांचं बरोबर आहे, पण पावडर न्यायचीच कशाला? मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची केलेली असते. हाताने धुणाऱ्याला फेस दिसला नाही की तो आणखी एक मूठ टाकतो. शिवाय ती हाताला खाते. सासूबाई मशीन लावतात की विहिरीवर धुतात, ते आधी सांगा.

दुसरं म्हणजे पाणी. रेडिंगचं पाणी जड. तुमच्या खोक्यावर मापाचे रकाने असतात, मऊ पाणी, मध्यम, जड. तुमचा हात जड रकान्याला बसलेला. आमच्याकडे १८५९ पासून लॉक कॅट्रिन तळ्याचं पाणी येतं, इतकं मऊ की रेडिंगच्या मापाने पावडर टाकली तर कपडे खळबळून खळबळून हात दुखतात. जुलैतल्या देवबागच्या विहिरीत पावसाचंच पाणी, म्हणजे तीच तऱ्हा. माप निम्मं करा आणि पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा. बाळाच्या अंगाला लागतो तो कपड्यात राहिलेला साबण. खोक्यावर काय छापलंय ते त्यानंतर.

---

प्रेषक: लेस्टरच्या आजी

काकांनी पाण्याचं छान सांगितलं पण मऊ पाणी बारा महिने नसतं हो. आम्ही तारकर्लीच्या, कर्लीच्या खाडीला लागून घर. मे महिन्यात विहीर मचूळ व्हायची, साबण लावला की दह्यासारखं पांढरं साकळायचं आणि धुतलेला कपडा हाताला चिकट लागायचा. तेव्हा आई बाळाचे लंगोट रिठ्याच्या पाण्यातच काढायची. माझी पाचही त्यावर वाढली, पुरळ कसलं ते माहीत नाही. जावईबापूंनी विमानाचा खटाटोप करू नये. मालवणच्या बाजारात रिठे मिळतात. आणि नवीन कपडे तर मुळीच नकोत. ट्रंकेतली जुनी धोतरं काढा, आजोबांची असतील ती, त्यांची दुपटी करा. त्याच्यासारखं मऊ काही नाही.

---

प्रेषक: गुहागरकर

आजी, रिठा ठीक, पण पांढऱ्या लंगोटाला त्याने तपकिरी झाक येते. आणि फेसाचा शिंतोडा डोळ्यात गेला तर मोठा माणूस ओरडतो. झाडावरचं आहे म्हणून सौम्य आहे असं नसतं. खाजखुजलीपण झाडावरचीच.

आमच्याकडे जांभा, विहिरीत लोह. लंगोटावर तांबूस डाग पडतात आणि नव्या सुना त्यावर ब्लीच ओततात. क्लोरीनने लोहाचा डाग उलट पक्का होतो. लिंबू चोळायचं, थोडा वेळ ठेवायचं, धुऊन टाकायचं. देवबागला वाळूचा पट्टा, तिथे हा प्रश्न नसेल, पण यादीवर इतरही लोक आहेत म्हणून लिहितो.

---

प्रेषक: देवबागचा जावई

> मशीन लावतात की विहिरीवर धुतात

मशीन आहे, पण वीज सारखी जाते, म्हणून हातानेच. वाळत पडवीतल्या वलणीवर, आणि दोन दिवस झाले तरी ओलसर. मग सासूबाई चुलीवर डालगं उपडं ठेवून त्यावर टाकतात. वर धुरी वेगळी, ओवा आणि वावडिंगाची.

खजिनदारसाहेब, दीड किलोत लिक्विडची लहान बाटली बसेल ना? गुरुवारी किती वाजता?

---

प्रेषक: डॉक्टरताई

रात्रपाळी संपवून आत्ता वाचलं. जरा लांबेल.

पुरळाचा फोटो मला पाठवा, यादीवर नको. पहिल्या काही दिवसांत लाल चट्टे आणि मध्ये पिवळट टोक असं पुरळ पुष्कळ बाळांना येतं आणि काही न करता जातं. साबणाशी त्याचा संबंध नसतो, पण नेमकं त्याच वेळी कुणीतरी पावडर बदलतं आणि श्रेय पावडरीला मिळतं. त्यात जुलै महिना आणि बाळ टोपी-मोजे-दुपट्यात गुंडाळलेलं, म्हणजे घामोळंही असेल. पू भरलेले फोड, ताप किंवा दूध न ओढणं यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

बायो आणि नॉन-बायो हे भांडण इंग्लंडचं घरगुती आहे. बायो म्हणजे एन्झाइम घातलेली. दूध, शी, रक्त यांच्या डागांतलं प्रथिन ती तोडतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी पावडरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्या धुळीने दमा झाला, हे खरं आहे, आणि नंतर एन्झाइमवर आवरण चढवून त्यांचे दाणे करू लागले. धुऊन खळबळलेल्या कपड्याने बाळाच्या कातडीला त्रास होतो याला पुरावा नाही, एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवाही तेच सांगते. माझा आक्षेप असेल तर वासाला. सुगंधाची ॲलर्जी खरोखर असते. तेव्हा बिनवासाचं, बिनरंगाचं कुठलंही साधं लिक्विड चालेल. कुडाळला मिळेल, लंडनहून न्यायची गरज नाही. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक नको, नीळ नको, सॉफ्टनर नको. सॉफ्टनरचा थर बसला की लंगोट पाणी शोषत नाही. शीचा लंगोट आधी गार पाण्यात, गरम पाण्याने डाग बसतो. चुलीवर वाळवणं आणि धुरी दोन्ही बंद. तो धूर बाळाच्या छातीत जातो. ओलसर कपड्यावर इस्त्री फिरवा.

पण मी हे सगळं बाजूला ठेवून आजींच्या मेलवर थांबले. ट्रंक. जावईबापू, दुपटी ट्रंकेतून काढली आहेत का? ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का?

आजी, राग मानू नका, धोतर मऊ असतं हे मलाही मान्य. पण डांबराची गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन. त्याची वाफ कापडात मुरते, बाळाच्या श्वासातून आणि कातडीतून आत जाते, आणि तेल चोळलेल्या अंगातून जास्तच. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. वरून काही कळत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते, आणि फार वाढली तर मेंदूला इजा होते. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून मुलग्यांत जास्त. तुमचा मुलगाच ना? उन्हात टाकून भागत नाही, आणि तिथे ऊन आहेच कुठे. तो कपडा बाळाच्या खोलीतूनच काढा.

डोळे पिवळे, लघवी गडद, बाळ मलूल, असं काही वाटलं तर थांबू नका. वाटलं नाही तरी बिलिरुबिन, म्हणजे काविळीची तपासणी, करून घ्या.

---

प्रेषक: लेस्टरच्या आजी

राग कसला गो बाय. आम्ही गोळ्या घालत नव्हतो, कडुलिंबाचा पाला घालायचो. गोळ्या मुंबईवाल्यांनी आणल्या.

---

प्रेषक: गुहागरकर

आजी, आमच्याकडे गोळ्या मुंबईला कुणी जायच्या आधीपासून होत्या. आणि कापूर? तोही चालत नाही का?

---

प्रेषक: डॉक्टरताई

बाळाच्या कपड्यांत कापूरही नको. पाला चालेल, झटकून धुऊन घ्या.

---

प्रेषक: देवबागचा जावई

आत्ता बोललो. गोळ्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "दरवर्साक घालतंय, कोणाक काय झाला?" मग मी ताईंचा मेल स्पीकरवर वाचून दाखवला. कावीळ शब्द ऐकल्यावर पुढे काही बोलल्या नाहीत. ट्रंक खळ्यापलीकडच्या खोपीत गेली. मेव्हणा मालवणहून मलमल घेऊन आलाय, धुऊन इस्त्री चालू आहे. डोळे किंचित पिवळे वाटतात असं ही म्हणते, पण घरात ट्यूबलाइट आहे. उजाडताच गाडी करून दवाखान्यात नेतायत. ताई, फोटो पाठवला.

---

प्रेषक: डॉक्टरताई

फोटो पाहिला, पुरळाची काळजी नको. दवाखान्यात गोळ्यांचं पहिल्या वाक्यात सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. जी-सिक्स-पीडी तपासणीबद्दलही विचारा. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर ती तपासणी कधी कधी खोटीच नॉर्मल येते, त्यामुळे पुढे पुन्हा करावी लागेल. आकडा आला की आधी मला फोन, यादीला मागाहून.

---

प्रेषक: ग्लासगोचे काका

मलमल नवीन असेल तर खळ काढायला एकदा नुसत्या गरम पाण्यातून काढा, मग साबण. माप निम्मं, हे विसरू नका.

---

प्रेषक: खजिनदार

बाळाचं कळवा, वेळ बघू नका, मी जागा आहे. बाटली नको असं धरून चालतो. दीड किलो मोकळं झालं हे वाचून तिघांचे खासगी मेल आले आहेत. तिघांनीही इतिवृत्त वाचावं.